मताची मुभा आणि उपचाराची सनद

१९३४ साली मुंबईच्या न्यायालयात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक प्राध्यापक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला चालला, त्यातील आक्षेपार्ह ऐवज म्हणजे वाचकांनी पत्रे लिहून विचारलेले खाजगी प्रश्न आणि त्यांना संपादकांनी दिलेली कोरडी, सरळ उत्तरे एवढाच होता. त्या प्रश्नांत हस्तमैथुनाविषयीच्या शंका होत्या, तशा समलिंगी संबंधांविषयीच्याही होत्या. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले आणि लैंगिक प्रश्नांची चर्चा केली म्हणून ती अश्लील ठरत नाही, अशी बाजू त्यांनी मांडली; न्यायालयाने ती नामंजूर करून कर्व्यांना दोनशे रुपये दंड ठोठावला. ज्या सल्ल्याने एखाद्या भेदरलेल्या तरुणाला रात्रीची झोप लागली असती तो सल्ला सरकारने गुन्हा ठरवला, आणि ज्या वैदूंनी त्याच तरुणाला ‘धातू गेला, आयुष्य गेले’ असे सांगून चूर्णाच्या पुड्या विकल्या त्यांच्या धंद्याला त्या काळी कोणी हरकत घेतली नाही. समुपदेशकाच्या खोलीत काय बोलावे आणि काय बोलू नये हे ठरवण्याचा अखत्यार सरकारकडे सोपवण्याची भाषा जेव्हा जेव्हा निघते, तेव्हा मराठी माणसाने हा दोनशे रुपयांचा दंड आधी आठवावा, असे मला वाटते.

आणि तो आठवूनही मी असे म्हणतो, की अठरा वर्षांखालील मुलामुलींचा लैंगिक कल किंवा लिंगभाव बदलून देण्याचा जो व्यवसाय ‘कन्व्हर्जन थेरपी’ या नावाने चालतो, त्याला कायद्याने मज्जाव करणे हा भाषणस्वातंत्र्यावरचा घाला नव्हे. मात्र तो घाला होऊ नये यासाठी कायद्याचा मसुदा जितक्या काळजीने लिहावा लागतो, तितक्या काळजीने तो सर्वत्र लिहिला गेलेला नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

या वादाची जन्मभूमी अमेरिका. २०१२ साली कॅलिफोर्निया राज्याने अल्पवयीनांवर असे उपचार करण्यास परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांना मनाई केली. पाठोपाठ न्यू जर्सीने तसाच कायदा केला. आणि दोन्हीकडे समुपदेशक न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड होते. आम्ही कोणाला विजेचे झटके देत नाही, औषधे देत नाही, हात लावत नाही. आम्ही केवळ बोलतो. आणि बोलण्यालाच जर मनाई झाली, तर भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या, अमेरिकेच्या घटनेतील पहिल्या दुरुस्तीला अर्थ तो काय उरला? या प्रश्नाला तिथल्या निरनिराळ्या अपील न्यायालयांनी निरनिराळी उत्तरे दिली. कॅलिफोर्नियाच्या खटल्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१३ साली म्हटले की हे बोलणे असले तरी ते उपचाराचे कृत्य आहे. न्यू जर्सीच्या खटल्यात तिसऱ्या परिमंडळाने २०१४ साली म्हटले की हे भाषणच, परंतु व्यावसायिकाचे भाषण असल्याने त्याला संरक्षण कमी. २०१८ साली दुसऱ्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘व्यावसायिकाचे भाषण’ हा वेगळा, दुय्यम वर्ग मानण्यास नकार दिला. आणि तो धागा धरून २०२० साली अकराव्या परिमंडळाने फ्लोरिडातील बोका रॅटन शहराची व पाम बीच परगण्याची मनाई दोन विरुद्ध एक अशा मतांनी उचलून फेकून दिली. अखेर कोलोरॅडो राज्याच्या २०१९ च्या कायद्याविरुद्ध तिथल्या एका परवानाधारक समुपदेशिकेने दाखल केलेला ‘चाइल्स विरुद्ध सॅलझार’ हा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यात युक्तिवाद झाले.

त्या युक्तिवादातील दोन प्रश्न असे आहेत की ज्यांना उत्तर दिल्यावाचून या कायद्याच्या कैवाऱ्याला पुढे जाता येणार नाही. पहिला प्रश्न एलेना केगन यांचा, आणि त्या उदारमतवादी गटातील न्यायाधीश असल्यामुळे तो अधिकच बोचणारा. एक डॉक्टर रुग्णाला म्हणतो, तू समलिंगी आहेस हे स्वीकारायला मी तुला मदत करतो. दुसरा म्हणतो, ते बदलायला मी तुला मदत करतो. पहिल्याला मुभा आणि दुसऱ्याला बंदी, हा दोन मतांमधील पक्षपात नव्हे काय? दुसरा प्रश्न सॅम्युअल अलिटो यांचा. वैद्यकाचे एकमत हाच जर कायद्याचा आधार, तर वैद्यकाचे एकमत कधी चुकत नाही काय? त्यासाठी त्यांनी १९२७ च्या ‘बक विरुद्ध बेल’ या निकालाचा दाखला काढला. ‘मतिमंद’ ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याच्या व्हर्जिनियाच्या कायद्यावर त्याच सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन शास्त्रज्ञांच्या भरवशावर शिक्कामोर्तब केले होते.

केगन यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. सर्पदंशाच्या रुग्णाला एक डॉक्टर ‘ताबडतोब प्रतिविष टोचून घ्या’ असे सांगतो आणि दुसरा ‘मांत्रिकाकडे न्या, विष उतरेल’ असे सांगतो, तेव्हा वैद्यक परिषद दुसऱ्यालाच जाब विचारते, आणि यात मतांचा पक्षपात झाला अशी तक्रार कोणीही शहाणा माणूस करीत नाही. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने तर साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला आहे. मंत्राने विष उतरते असे मानण्याची, लिहिण्याची, चावडीवर बसून तसे सांगण्याची मुभा त्या कायद्याने हिरावून घेतलेली नाही. समोर विष चढत असलेला माणूस असताना त्याची वाट अडवण्याची मुभा हिरावून घेतली आहे. उपचाराच्या खोलीत योग्य व अयोग्य सल्ला यांना समान दर्जा कधीच नव्हता. तिथे बोलणाऱ्याच्या पाठीशी राज्याने दिलेली सनद असते, भिंतीवर प्रमाणपत्राची चौकट टांगलेली असते, आणि त्या चौकटीकडे पाहूनच बाप आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आत येतो.

ती खोली जरा जवळून पाहू. बाप खुर्चीच्या कडेला टेकलेला; मुलगा मान खाली घालून अंगठ्याने दुसऱ्या अंगठ्याचे नख कुरतडतो आहे; ‘डॉक्टर, याला नीट करा, काय लागेल ते लागू द्या’ हे वाक्य बापाने मुलासमोरच उच्चारलेले. या क्षणी समोरचा सनदी माणूस काय बोलतो ते चर्चासत्रातले मत नसते. ‘प्रयत्न केलास तर बदलशील’ असे त्याने म्हटले, की पुढे न बदलण्याचा सारा दोष त्या मुलाच्या प्रयत्नाच्या उणिवेवर जाऊन बसतो. दर आठवड्याला तो मुलगा आपली हार मोजत येतो आणि बाप शुल्क मोजत येतो. शब्दांनी कोणाला इजा होत नाही असे म्हणणारा मानसोपचारतज्ज्ञ स्वतःच्या विद्येचाच अपमान करतो, कारण शब्दांनी माणूस बरा होतो या श्रद्धेवरच त्याचा सारा व्यवसाय उभा आहे. ज्या औषधाला गुण आहे त्याला अवगुणही असू शकतो.

अलिटो यांच्या प्रश्नाला मी अधिक मान देतो, कारण इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देतो. समलैंगिकता हा रोग आहे हेच मुळी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचे १९७३ पर्यंतचे एकमत होते, आणि ते मोडले ते मुक्त वादविवादामुळे. मनोविकारांच्या यादीतून ती नोंद काढण्यात ज्यांचा पुढाकार होता त्या रॉबर्ट स्पिट्झर यांची पुढची कथा तर या प्रकरणात मुद्दाम वाचण्यासारखी आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी दोनशे माणसांच्या दूरध्वनीवरून मुलाखती घेतल्या आणि २००३ साली प्रबंध प्रसिद्ध केला की काही लोकांचा कल खरोखर बदलतो. जगभरच्या ‘उपचारकां’नी तो प्रबंध झेंड्यासारखा मिरवला. मुलाखतीतील माणसांचे स्वतःविषयीचे कथन पडताळून पाहण्याची कोणतीच सोय त्या अभ्यासात नव्हती, हा आक्षेप आरंभापासून होता. २०१२ साली, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात, स्पिट्झर यांनी तो मान्य केला आणि ज्यांनी आपल्या प्रबंधावर विसंबून वर्षे वाया घालवली त्यांची जाहीर क्षमा मागितली. पुढच्याच वर्षी, अशा उपचारांचा पुरस्कार करणाऱ्या ख्रिस्ती संघटनांत अग्रणी मानली गेलेली ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ आपल्या अध्यक्षांच्या क्षमायाचनेसह बंद झाली. माझा मुद्दा एवढाच, की १९७३ चे मत, २००३ चे मत आणि २०१२ ची माघार ही तिन्ही स्वतंत्र वादाची फळे आहेत. आणि कॅलिफोर्नियाचा काय किंवा कोलोरॅडोचा काय, कोणत्याही कायद्याने प्रबंध लिहिण्याला, परिषदेत भाषण करण्याला, वर्तमानपत्रात लेख देण्याला मज्जाव केलेला नाही. वैद्यकाचे एकमत चुकीचे असेल तर ते खोडण्यासाठी नियतकालिके आहेत, विद्यापीठे आहेत. त्यासाठी पंधरा वर्षांचे मूल हाताशी लागत नाही.

अमेरिकेच्या घटनेतील पहिल्या दुरुस्तीत अपवादांची यादी नाही, त्यामुळे तिथल्या न्यायाधीशांना प्रत्येक वेळी भाषण आणि कृत्य यांतील सीमारेषा स्वतःच्या बुद्धीने आखावी लागते आणि तराजूचे पारडे बहुधा भाषणाकडे झुकते. आपल्याकडची मांडणी वेगळी आहे, आणि आपल्या वृत्तपत्रांतून अमेरिकी वादाची जी तयार आवृत्ती छापली जाते तीत हा भेद हरवतो. आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या कलमात भाषणस्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याची जी कारणे मोजून दिली आहेत, त्यांत सार्वजनिक आरोग्य हे कारण नाही. सुव्यवस्था आहे, सभ्यता व नीतिमत्ता आहे, न्यायालयाची बेअदबी आहे, अब्रुनुकसानी आहे, आरोग्य नाही. म्हणजे उद्या कोणी ‘असे बोलणे आरोग्याला घातक म्हणून बंद’ असा सरधोपट कायदा केला, तर सरकारी वकिलाला फार तर ‘सभ्यता व नीतिमत्ता’ या शब्दांचा आश्रय घ्यावा लागेल. आणि ज्या शब्दांच्या जोरावर समलिंगी माणसांना दीडशे वर्षे छळले गेले त्याच शब्दांची ढाल त्यांच्या रक्षणासाठी पुढे करणे शहाणपणाचे नाही, कारण ती ढाल उद्या कोण उचलील याचा नेम नाही. याउलट व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर ‘सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी’ निर्बंध घालण्याची आणि व्यवसायासाठी आवश्यक ती अर्हता ठरवण्याची मुभा त्याच कलमाच्या सहाव्या खंडाने दिली आहे. कायद्याचा पाया तिथे घातला पाहिजे: सनद, तिच्या अटी, आणि अटी मोडल्यास ती काढून घेणे.

याला पूर्वाधारही आहे. मुंबईच्या लोकलगाडीत दाराजवळच्या पत्र्यावर ‘बाबा बंगाली’ची जी चिकटपत्रे असतात, प्रेमभंग, सौतन, गृहकलह, मूठकरणी, सर्व समस्यांवर चोवीस तासांत शर्तिया इलाज, ती ज्याने वाचली नाहीत असा मुंबईकर विरळा. असल्याच चमत्कारी औषधोपचारांच्या जाहिराती रोखण्यासाठी संसदेने १९५४ साली कायदा केला, आणि त्याला ‘हमदर्द दवाखान्या’ने आव्हान दिले तेव्हा १९५९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा औषधांची जाहिरात ही विचारांचा प्रसार नसून व्यापार आहे, पण त्याच निकालात, रोगांची यादी वाढवण्याचा मोकाट अधिकार सरकारला देणारी तरतूद आणि झडती-जप्तीचे अवाजवी अधिकार मात्र रद्द केले. व्यापारी भाषणाला अजिबात संरक्षण नाही हा त्या निकालाचा सूर १९९५ च्या ‘टाटा प्रेस’ प्रकरणात पुढे मवाळ झाला, तरी दुसरा अर्धा भाग आजही तितकाच मोलाचा आहे. बंदी घालायची तर कशाला ते नेमके सांगा, आणि यादी लांबवण्याचा अधिकार मंत्रालयातील दफ्तरावर सोडू नका.

आपल्या देशात या दिशेने जे पाऊल पडले ते न्यायालयाने टाकले. घरच्यांच्या विरोधामुळे मदुराईहून चेन्नईला आश्रयाला आलेल्या दोन तरुणींच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी ७ जून २०२१ रोजी जो आदेश दिला, तो देण्यापूर्वी त्यांनी स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन हा विषय समजून घेतला आणि आपलेही पूर्वग्रह होते हे निकालपत्रात लिहून ठेवले. न्यायासनावर बसून आपले अज्ञान लेखी मान्य करणारे न्यायाधीश आपल्याकडे फार झालेले नाहीत. त्या आदेशाने लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना मनाई झाली, सनद काढून घेण्यापर्यंतच्या कारवाईची तरतूद झाली, आणि पुढे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे जाहीर केले. त्याआधीच २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजाच्या नैतिक वा धार्मिक धारणांशी माणूस जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे म्हणून ठेवले होते. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ खालील समलिंगी संबंधांचा गुन्हाही प्रौढांच्या संमतीपुरता पुसून टाकला.

पण आयोगाचा अंमल ॲलोपॅथीच्या डॉक्टरांपुरता. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी पुनर्वसन परिषदेकडे होते, आणि ‘समुपदेशक’ ही पाटी तर आजही कोणीही लावू शकतो. गल्लोगल्ली लागलेल्या त्या पाट्यांमागे कोणाची सनद आहे आणि कोणाची नाही, हे आई-बापांना कळण्याचा मार्ग नाही. व्यसनमुक्ती केंद्रांची कथा याहून वाईट. केरळची एक विद्यार्थिनी २०२० च्या मे महिन्यात गोव्यात मरण पावली. त्यापूर्वी तिने स्वतः सांगून ठेवले होते की तिचा कल घरी कळल्यावर तिला बळजबरीने अशा केंद्रांत ठेवून गुंगीची औषधे दिली गेली. जिथे बोलणेही उरलेले नाही, केवळ कोंडणे उरले आहे, तिथे भाषणस्वातंत्र्याचा दाखला देणाऱ्यांशी वाद घालण्यात मी वेळ दवडणार नाही.

महाराष्ट्राला असा कायदा लिहायचा झाला तर नमुना घरातच आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या विधेयकासाठी आयुष्याची उमेद खर्ची घातली, ते वर्षानुवर्षे रखडले ते नेमक्या याच आक्षेपामुळे, की त्याने कीर्तन बंद पडेल, वारी बंद पडेल, श्रद्धेचा उच्चार गुन्हा ठरेल. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्यानंतरच तो कायदा उभा राहिला. पण उभा राहिलेला मसुदा पाहा. गुन्हा ठरणारी कृत्ये अनुसूचीत एकेक करून लिहिली आहेत, आणि कीर्तन, प्रवचन, वारी, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही हे वेगळ्या कलमात सांगितले आहे. कायदा आला आणि पंढरीच्या वाटेवरचा एक टाळही थांबला नाही. मुलांच्या कल-बदलाच्या कायद्यातही असेच लिहिता येईल: शुल्क घेऊन वा सनदेखाली, अठरा वर्षांखालील व्यक्तीचा कल बदलण्याचे उद्दिष्ट आधीच ठरवून केलेले उपचार तेवढे निषिद्ध, प्रवचन, लेख, भाषण, घरातील मतभेद, आणि ज्या मुलाला स्वतःविषयीच संभ्रम आहे त्याच्याशी निष्कर्ष न ठरवता केलेली चर्चा या साऱ्यांना मोकळीक. केगन यांच्या प्रश्नाचा जो अंश मला पटतो तो इथे सामावतो. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या आधी कोणी ठरवू नये, मग ते कोणत्याही दिशेचे असो.

परदेशी कायदे डोळे मिटून उतरवून घेऊ नयेत, असे मी म्हणतो ते याचसाठी. कॅनडाने २०२२ साली उपचारांबरोबर त्यांचा पुरस्कार करणे हाही फौजदारी गुन्हा केला, आणि ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या २०२१ च्या कायद्याने प्रार्थनेवर आधारलेल्या प्रथांनाही कवेत घेतले. सज्ञान माणसाने स्वतःच्या इच्छेने धर्मगुरूसमोर गुडघे टेकून आपल्यात बदल मागितला, तर त्या मागण्याविषयी मला खेद वाटेल. पण तिथे पोलीस शिपाई पाठवावा असे मला वाटत नाही. पुरस्कार करण्याला तुरुंग दाखवणारे कलम तर कर्व्यांवरील फिर्यादीच्या फारच जवळ जाते.

आई-बापांच्या हक्काचा मुद्दा काढला जातो, त्याचे उत्तर थोडक्यात देता येते. संमती देण्याची त्यांची मुखत्यारी मुलाच्या हितासाठी आहे. म्हणूनच अल्पवयीनाला विजेचे झटके देण्यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पालकाची संमती पुरेशी मानली नाही, त्या कायद्याखालील मंडळाची पूर्वपरवानगीही मागितली. बाप वाईट असतो असे यातून निघत नाही. बहुतेक बाप घाबरलेले असतात, आणि घाबरलेल्या माणसाला शर्तिया इलाज विकणे सर्वांत सोपे असते.

खरी अडचण तक्रारीची आहे, आणि तिच्याकडे मसुदे लिहिणारे सहसा पाहत नाहीत. ज्याच्यावर अन्याय होतो तो अल्पवयीन. त्याच्या वतीने बोलण्याचा कायदेशीर अधिकार ज्यांच्याकडे, त्यांनीच त्याला तिथे नेलेले. तेव्हा १०९८ या बालमदत क्रमांकावर आलेली किंवा शाळेतील शिक्षकामार्फत आलेली तक्रार पालकाच्या सहीवाचून दाखल करून घेण्याची तरतूद हवी. चौकशी पोलीस ठाण्याऐवजी बालकल्याण समितीने आणि संबंधित व्यवसायाच्या परिषदेने करावी. आणि तक्रारीची मुदत उपचाराच्या दिवसापासून न मोजता मूल अठरा वर्षांचे झाल्या दिवसापासून पुढे काही वर्षे मोजावी, म्हणजे घर सोडून वसतिगृहात किंवा नोकरीच्या गावी गेल्यावर त्याला स्वतःच्या सहीने अर्ज करता येईल.